फोटोचा लेझर, उपचाराचा लेझर

आमच्या सासूबाई डोळ्याला ‘कण्णु’ म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्या ‘कण्णु नोवु’ म्हणाल्या आणि मी कान दुखतोय समजून तेल कोमट करून आणलं! आदिलाबादला माझ्या मावशीचे शेजारी तेलुगूत ‘कन्नु’ म्हणतात. यंदा मावशीच्या त्याच डोळ्यानं आम्हाला धडा दिला.

मावशीला पंधरा वर्षांपासून मधुमेह. दिसायचं चांगलं. तरी डॉक्टरांनी डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचा फोटो काढायला सांगितला, ‘ओसीटी अँजिओग्राफी’. त्यात लेझर असतो हे कळताच मावशी अडून बसली. “दिसतंय तोवर मी डोळा भाजून घेणार नाही!” आठ महिने असेच गेले.

खरं तर डोळ्यांची तपासणी त्या भागाला नवी नाही. मुधोळ म्हटलं की आपल्याला बागलकोटकडचं आठवतं. पण आदिलाबाद जिल्ह्यातही एक मुधोळ होतं, 2016 पासून ते निर्मल जिल्ह्यात आहे. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं 1996 साली तिथे ग्रामीण नेत्रकेंद्र काढलं. नवी आहेत ती यंत्रं, आणि त्यांची भीती.

शेवटी मी मावशीला घेऊन गेले आणि डॉक्टरांनाच विचारलं, “यानं डोळा भाजतो का हो?”

त्यांनी समजावलं ते असं. फोटोच्या यंत्रात लेझर किंवा तसाच डोळ्याला जेमतेम दिसणारा प्रकाश असतो. त्याची शक्ती साधारण एक मिलिवॉट. तो एका जागी थांबत नाही, सेकंदाला सुमारे 70,000 मोजमापं घेत सरकत राहतो. त्याच रेषेवरून तो पुन्हा फिरतो. मधल्या क्षणात जे हललं ते रक्त, बाकी स्थिर. त्यावरून नकाशा तयार होतो, शिरेत रंग टोचावा लागत नाही. जी थोडी उष्णता होते ती आजूबाजूला पसरून विरून जाते. शिवाय, इजा होऊ लागते त्या पातळीच्या साधारण दहाव्या हिश्श्यावर सुरक्षिततेची मर्यादा आखलेली असते.

उपचाराचा लेझर वेगळा. तो शंभर ते काही शे मिलिवॉटचा असतो आणि एकाच बिंदूवर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत थांबतो. तो मुद्दाम भाजतो, कारण भाजणं हेच त्याचं काम.

मावशीच्या फोटोत बारीक रक्तवाहिन्या जागोजागी बंद पडलेल्या दिसल्या, त्यांच्या कडेला नव्या, नाजूक वाहिन्या फुटल्या होत्या. म्हणून तिला उपचाराचा लेझर घ्यावा लागला. न भाजणाऱ्याला भ्यायली आणि भाजणाऱ्यापुढे बसली. नजर वाचली, पण आठ महिने परत मिळाले नाहीत.

तेव्हा घरात मधुमेह असेल तर डोळे चांगले दिसत असले तरी वर्षातून एकदा पडदा तपासून घ्या. आणि लेझर म्हटलं की एवढंच विचारा, “फोटोचा की उपचाराचा?” मराठीत विचारा, कन्नडमध्ये विचारा, पण विचारा.