गेटपुरता स्टिकर

चाकणच्या एखाद्या मोठ्या वाहन कारखान्यात पाहुणा म्हणून जा. गेटवर नाव लिहून घेतात, सेफ्टी शूज देतात आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यावर छोटा स्टिकर चिकटवतात. मागच्या कॅमेऱ्यावर एक, पुढच्यावर एक. बाहेर पडताना तो शाबूत आहे का, हे पाहिले जाते. कोपरा सुटलेला दिसला की चौकशी सुरू. याबद्दल कोणी कुरकुर करत नाही. आत लाइनवर उद्याचे मॉडेल असते, डाय असतात, फिक्श्चर असतात. ती कंपनीची मालमत्ता आहे आणि कंपनी पाहुण्याच्या सज्जनपणावर विसंबून राहत नाही.

रस्त्यावरही ही काळजी सुटत नाही. बाजारात न आलेली गाडी पुणे-नाशिक महामार्गावर चाचणीला निघते, ती अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीचे वेष्टन लावून. तिच्या बॉनेटची रेघसुद्धा परक्याला कळू नये, एवढा तिचा मान राखला जातो.

आता कॅमेरा चष्म्यात आला आहे. मेटाचा रे-बॅन चष्मा मे २०२५ मध्ये भारतात रीतसर विक्रीला आला. किंमत २९,९०० रुपयांपासून, म्हणजे एका बऱ्या मोबाइलइतकी. हिंजवडीतल्या पगाराला ती जड नाही. हप्ते पाडले तर चाकणमधल्या पगारालाही फार नाही. हा चष्मा नंबरच्या काचांसहही मिळतो आणि गेटवरचा बंदोबस्त नेमका इथे अडखळतो. मोबाइल लॉकरमध्ये ठेवून घेता येतो. उणे चार नंबरवाल्याचा चष्मा काढून घेऊन त्याला प्रेस शॉपमध्ये कसे पाठवणार?

कंपन्या यातून मार्ग काढतील. साधा चष्मा घालून या, असा नियम होईल. न ऐकणाऱ्याला गेटवरूनच परत पाठवले जाईल. देवस्थानेही सावध झाली आहेत. जानेवारी २०२५ मध्ये अयोध्येच्या राममंदिर परिसरात कॅमेऱ्याचा चष्मा घातलेला एक जण पकडला गेला. जुलैमध्ये तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामी मंदिरात आणखी एक. तिथे चष्म्यातून येणारा उजेड रखवालदारांच्या नजरेला पडला. ज्याच्या दाराशी रखवालदार आहे, त्याचे निभावेल.

दार नसलेल्याचे काय? शिफ्ट सुटल्यावर तळेगाव चौकातल्या टपरीवर ठेकेदाराबद्दल मोकळेपणाने बोलणारा कंत्राटी कामगार. रात्री भोसरीहून पीएमपीच्या बसने खोलीवर निघालेली अप्रेंटिस मुलगी. समोरचा चष्मा साधा आहे की नाही, हे यांनी कशावरून ओळखायचे? मेटाचे उत्तर तयार आहे : चित्रीकरण सुरू असले की फ्रेमवर पांढरा दिवा लागतो आणि तो झाकला तर चित्रीकरण होत नाही. भर उन्हात तो इवलासा ठिपका कितीजणांना दिसेल, हे सोडून देऊ. '४०४ मीडिया'ने ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेत एक जण ६० डॉलर घेऊन हा दिवा निकामी करून देतो. कॅमेरा मात्र चालूच राहतो. म्हणजे पाच-साडेपाच हजार रुपयांत ग्वाही संपली.

तीही निदान ग्वाही होती. हार्वर्ड सोडलेल्या दोन तरुणांनी ऑगस्ट २०२५ मध्ये 'हेलो' नावाच्या चष्म्याची घोषणा केली. तो सतत चालू असतो, कानावर पडणारे प्रत्येक संभाषण ऐकतो आणि लिहून घेतो. समोरच्याला इशारा देणारा दिवा त्याला नाहीच. याच दोघांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मेटाच्या चष्म्याला चेहरे शोधणारी यंत्रणा जोडून दाखवली होती. परक्या माणसाकडे नुसते पाहायचे. थोड्याच वेळात त्याचे नाव, फोन नंबर, घरचा पत्ता समोर. धोका कळावा म्हणून केले, असे ते तेव्हा म्हणाले होते. दहा महिन्यांत त्यांनी दिवा नसलेला चष्मा विकायला काढला. बसमधल्या मुलीला हा सगळा प्रवास माहीत असण्याचे कारण नाही.

मोबाइल आहेतच की, सीसीटीव्ही आहेतच की, असे यावर म्हटले जाते. मोबाइल उचलावा लागतो, रोखावा लागतो. समोरच्याला तो हात दिसतो. तोंड फिरवता येते, हटकता येते. सीसीटीव्ही भिंतीवर असतो आणि त्याला मालक असतो. चष्मा नजरेच्या रेषेत बसलेला असतो. कोणी आपल्याकडे पाहते आहे म्हणून त्याला हटकायचे कसे?

घालणाराही यात फार सुरक्षित नाही. एप्रिल २०२५ मध्ये मेटाने धोरण बदलले. चष्म्याला दिलेल्या हुकमांचा आवाज एक वर्षापर्यंत साठवला जाऊ शकतो. तो एकेक करून पुसता येतो. 'मुळात साठवू नका' असे सांगण्याची सोय मात्र काढून घेतली गेली. चष्मा आपण विकत घेतला, एवढ्यावर त्यातला ऐवज आपला झाला असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

कायदा काय म्हणतो? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. भारतीय न्याय संहितेचे कलम ७७ स्त्रीला खासगी कृतीत चोरून पाहण्यापुरते किंवा टिपण्यापुरते आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणापुरते. बसमधला चेहरा आणि टपरीवरचे बोलणे या दोन्हींत बसत नाही. उरला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. त्याच्या तिसऱ्याच कलमात सूट आहे : व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला हा कायदा लागू नाही. चष्मेवाला हेच तर म्हणणार. स्वतःसाठी टिपले, कोणाला विकले थोडेच?

थोडक्यात, ज्या पट्ट्यात बॉनेटच्या रेघेसाठी कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवला जात नाही, तिथल्या माणसाने मात्र आपल्या चेहऱ्यासाठी परक्याच्या फ्रेमवरच्या ठिपक्यावर भरवसा ठेवायचा. हा फरक तंत्रज्ञानाने केलेला नाही. कॅमेरा अविश्वासानेच हाताळायचा असतो, हे या पट्ट्यातल्या प्रत्येक व्यवस्थापनाला पक्के ठाऊक आहे. फक्त तो अविश्वास आजवर ड्रॉइंगच्या कामी आला, कामगाराच्या नाही.

तेव्हा चष्म्याचा नियम लिहायला कंपन्या बसतील, तेव्हा त्यांनी तो प्रेस शॉप आणि डिझाइन विभागापाशी थांबवू नये. कँटीन, कपडे बदलण्याची खोली, कंपनीची बस, महिला कामगारांची वसतिगृहे यांनाही तो लागू करावा. तिथे सहकाऱ्याला न सांगता टिपणे हे ड्रॉइंग फोडण्याइतकेच गैरवर्तन मानावे. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही. फेडरेशन ऑफ चाकण इंडस्ट्रीजने एक नमुना नियम करून सभासदांना पाठवला तरी सुरुवात होईल. पीएमपीने बसमध्ये आणि महापालिकेने वायसीएम रुग्णालयाच्या वॉर्डांत सूचना लावायलाही कोणाची आडकाठी नाही.

बाकीचे काम संसदेचे आहे. डेटा संरक्षणाचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू होतील. तिसऱ्या कलमातली घरगुती सूट बदलली नाही, तर त्या दिवशीही अंगावर वागवायचा कॅमेरा या कायद्याच्या कक्षेबाहेरच असेल.