गोटमारीला प्रेक्षक नसतो

२०२१ साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवार ७ सप्टेंबर रोजी, मध्य प्रदेशातील तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यात जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाणार होते, त्याला झेंडा बांधला जाणार होता आणि एका काठावरून पांढुर्ण्याचे, तर दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड भिरकावू लागणार होते. ही गोटमार. झेंडा तोडून चंडीमातेच्या मंदिरात न्यायचा हा पांढुर्ण्याचा डाव. तो राखायचा हा सावरगावचा. पांढुर्ण्याचा तरुण सावरगावची मुलगी पळवून नेत असता भर पात्रात दोघांवर दगडांचा वर्षाव झाला, अशी दंतकथा आहे. भोसल्यांच्या सैनिकांच्या सरावातून ही प्रथा आली, असे मानणारेही आहेत. उगम कोणताही असो, दरवर्षी माणसे शेकड्यांनी जखमी होतात आणि आजवर काहींचे प्राणही गेले आहेत.

गोव्यातील वाचकाला हा मुलूख दूरचा वाटेल. पण तो परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे सौंसर आणि पांढुर्ण्याची मराठी माणसे सरकारी कागदावर हिंदी राज्याची झाली. घरातली बोली, पोळा, संत्र्याच्या बागा आणि आजारपणात नागपूरकडे धावणे मात्र तसेच राहिले. या शेवटच्या गोष्टीकडे पुन्हा यावे लागेल.

महासाथीच्या काळात खेळ पाहायला गर्दी करावी की नाही, हा प्रश्न २०२१ मध्ये जगभर चर्चेत होता. अमेरिकेत त्या वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम खचाखच भरलेल्या स्टेडियमांत सुरू झाला. २०२० मध्ये तेथील अनेक मैदाने रिकामी किंवा अर्धी रिकामी होती. २०२१ मध्ये लुइझियाना राज्य विद्यापीठाने आपल्या लाखभर आसनांच्या मैदानात येणाऱ्यांकडे लसीचा पुरावा किंवा चाचणीचा निगेटिव्ह अहवाल मागितला होता. इतर कित्येक विद्यापीठांनी तेवढेही मागितले नव्हते. तेथील डॉक्टर एक म्हणत होते, चाहते दुसरेच. आपण गोवेकर या बाबतीत बरेच आधी शहाणे झालो, की आपल्याला तसे व्हायला लावले गेले, कोण जाणे. १४ मार्च २०२० रोजी इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना फातोर्ड्यात रिकाम्या खुर्च्यांसमोर झाला. त्यानंतरचा संपूर्ण हंगाम, ११ संघ आणि ११५ सामने, फातोर्डा, बांबोळी आणि वास्को येथील मैदानांवर प्रेक्षकांविना पार पडला. फुटबॉलवेड्या राज्यात एवढे सामने व्हावेत आणि ते घरी बसून दूरचित्रवाणीवर पाहावे लागावेत, ही शिक्षाच होती. पण खेळ झाला. गोल मोजले गेले, करंडक दिला गेला.

गोटमारीचे तसे करता येत नाही. फातोर्ड्याला दरवाजा आहे, तिकीट आहे, आसनांना क्रमांक आहेत. बाविसांनी खेळायचे आणि उरलेल्यांनी पाहायचे, ही विभागणी तेथे आधीच झालेली असते. म्हणून पाहणाऱ्यांना वगळता येते. जामच्या पात्रात अशी रेषाच नाही. काठावर उभा असलेला माणूस दुपारपर्यंत बघ्या असतो आणि पायाशी दगड येऊन पडला की खेळाडू होतो. आसपासच्या तालुक्यांतून, सीमेपलीकडच्या विदर्भातून जीपगाड्या भरून जे येतात, ते नेमके कोण, हे त्यांनाही सांगता येणार नाही. म्हणूनच ‘खेळ होऊ द्या, गर्दी करू नका’ ही सूचना तेथे निरर्थक ठरते. ऑगस्ट २०२० मध्ये साथ चढणीवर होती. तेव्हाही निर्बंधांच्या सावटात नदीकाठी माणसे जमली, दगड सुटले, डोकी फुटली.

उघड्या मैदानात विषाणू कमी पसरतो, बंद खोलीत जास्त, असा युक्तिवाद केला जातो आणि तो खोटा नाही. नदीचा काठ हा मंगल कार्यालयापेक्षा सुरक्षितच. पण माणसे काठावर आकाशातून उतरत नाहीत. ती कोंबलेल्या गाड्यांतून येतात, चहाच्या टपरीवर दाटीवाटीने उभी राहतात, मुक्कामाला पाहुण्यांच्या घरी जातात. त्यांत अठरा वर्षांखालची पोरे पुष्कळ असतात आणि सप्टेंबर २०२१ मध्ये त्यांना अजून लस मिळालेली नव्हती. इटलीतील बेर्गामोचे सुमारे ४० हजार लोक १९ फेब्रुवारी २०२० रोजी मिलानला आपल्या संघाचा सामना पाहायला गेले. तेही उघडे मैदान होते. काही आठवड्यांत त्या शहराचे काय झाले ते जगाने पाहिले. सगळा दोष त्या एका सामन्याच्या माथी मारता येत नाही; पण त्या संध्याकाळच्या बसगाड्या, उपाहारगृहे आणि मिठ्या यांची आठवण तेथील डॉक्टरांनी वारंवार काढली आहे.

गोटमारीचा मोठा धोका मात्र संसर्गापेक्षा वेगळा आहे आणि त्याची चर्चा कमी होते. फुटबॉलचा चाहता घरी परततो तेव्हा फार तर त्याचा घसा बसलेला असतो. गोटमारीतून परतणाऱ्याच्या डोक्याला टाके पडलेले असतात. दरवर्षी त्या दिवसासाठी नदीजवळ तात्पुरती आरोग्य केंद्रे उभारावी लागतात; डॉक्टर, परिचारिका, रुग्णवाहिका दिवसभर अडकून पडतात आणि गंभीर जखमींना नागपूरला हलवतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये त्याच नागपुरात खाटेसाठी माणसे दारोदार फिरत होती. मे महिन्यात गोमेकॉत प्राणवायूच्या तुटवड्यात गेलेल्या रात्री ज्यांना आठवतात, त्यांना रुग्णालयातील एका खाटेचा आणि एका परिचारिकेचा अर्थ समजावून सांगायला नको. सप्टेंबर २०२१ पर्यंत दुसरी लाट ओसरली होती, हे खरे. तिसरी कधी येईल, की येणारच नाही, यावर तेव्हा तज्ज्ञांचे एकमत नव्हते. अशा वेळी छोट्या तालुक्याची आरोग्य यंत्रणा एक दिवस आपल्या हाताने ओढवलेल्या जखमांवर खर्चायची का?

यावर ‘बंदी घाला’ हे उत्तर सोपे आहे. ते अनेकदा देऊन झाले आहे. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी चेंडू बाजूला सारून दगडच उचलले. पोलिसांना बळ वापरावे लागले, तेव्हा प्रकरण अधिकच चिघळले. आपल्याला याचे नवल वाटू नये. १९९६ मध्ये उच्च न्यायालयाने धिरयोंवर बंदी घातली. तरी आजही एखाद्या शेतात रेडे कधी झुंजणार, याची बातमी पोलिसांच्या आधी शौकिनांना लागते. गावाने जे आपले मानले, ते बाहेरच्या हुकमाने सुटत नाही.

पण पांढुर्ण्याच्या परंपरेतच एक वाट आहे. अनेक वर्षी संध्याकाळपर्यंत झेंडा तुटत नाही. तेव्हा दोन्ही बाजूंचे जाणते लोक एकत्र येतात, आपसांत सहमती करतात, दगड थांबतात, आणि झाड सन्मानाने चंडीमातेच्या मंदिरात नेऊन पूजा होते. म्हणजे हारजीत न होता गोटमार संपवणे ही काही प्रशासनाने शोधलेली पळवाट नव्हे. ती या दोन गावांचीच जुनी रीत आहे. संध्याकाळी जे होते तेच साथीच्या वर्षी सकाळी करायला कोणता धर्म आड येतो? पळस रोवावा, दोन्ही गावांच्या मोजक्या हातांनी तो देवीपर्यंत न्यावा, आणि दगड पात्रातच राहू द्यावेत. हे जिल्हाधिकाऱ्याने सांगितले तर दगड त्याच्या गाडीवर येतील. पांढुर्णा आणि सावरगावच्या वडीलधाऱ्यांनी पोळ्याच्या रात्री, बैलांची पूजा आटोपल्यावर, एकत्र बसून सांगितले तर पोरे कुरकुरतील, पण ऐकतील.

बाहेरून जाणाऱ्यांसाठी तर एवढाही विचार लागत नाही. सौंसरहून, छिंदवाड्याहून किंवा नरखेड-वरुडकडून गोटमारीसाठी गाडी काढणाऱ्याचे ना पळसाशी नाते, ना झेंड्याशी. तो फक्त काठावरची दाटी वाढवतो, आणि दाटी वाढली की दगड मारणाऱ्यांना चेव येतो. त्याने घरीच राहावे. १९ नोव्हेंबर २०२१ रोजी इंडियन सुपर लीगचा नवा हंगाम पुन्हा गोव्यात सुरू होणार होता, तेव्हा फातोर्ड्याच्या दाराबाहेर आपल्यालाही तेच ऐकावे लागण्याची शक्यता होती.