करमुक्त पगार कोणाला परवडतो?

मनामाच्या पश्चिमेला सीफमध्ये समुद्रात भर घालून मिळवलेल्या जमिनीवर मॉल, हॉटेलं आणि निवासी मनोरे उभे आहेत. बहरीनमध्ये वैयक्तिक प्राप्तिकर नाही. आखातात नोकरी धरणाऱ्या मराठी घरांत ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते आणि तिला एक सिद्धान्तही जोडला जातो: कर नसला की साहेबाचा पगार जसा पुरता हाती येतो, तसाच मजुराचाही; मग अन्याय कुठे आहे?

अन्याय दुकानाच्या बिलात आहे. बहरीनने १ जानेवारी २०१९ पासून ५ टक्के व्हॅट लावला आणि २०२२ च्या पहिल्या दिवशी तो दुप्पट, म्हणजे १० टक्के केला. तेलाचे भाव कोसळल्यावर तिजोरीत पडलेला खड्डा भरायला सरकारने हा मार्ग धरला. आता हिशेब करून पाहा. समजा, सफाई कामगाराचा पगार १२० दिनार आहे आणि तो ४० दिनारची करपात्र खरेदी करतो. त्याचा कर ४ दिनार, म्हणजे पगाराच्या तीन टक्क्यांहून जास्त. ३,००० दिनार मिळवणाऱ्या अधिकाऱ्याने ५०० दिनारची खरेदी केली, तर त्याचा कर ५० दिनार. पगाराच्या दोन टक्क्यांहूनही कमी. ज्याची ऐपत जास्त, त्याचा भार हलका! पगार पुरता हाती येतो हेही खरं नाही, कारण बेरोजगारी विम्यासाठी परदेशी कामगाराच्याही वेतनातून १ टक्का कापला जातो.

मूलभूत अन्नपदार्थ, औषधोपचार आणि शिक्षण यांवर व्हॅट शून्य आहे, असं यावर उत्तर येतं. ते खरं आहे आणि ती सवलत योग्यच आहे. पण साबण, कपडे, फोनचा रिचार्ज हे मजुरालाही लागतंच.

त्याहून वाईट म्हणजे नवा कर सुचला की बोट पुन्हा त्याच्याकडेच वळतं. जानेवारी २०२४ मध्ये बहरीनच्या प्रतिनिधिगृहाने परदेशी नागरिकांनी मायदेशी पाठवलेल्या पैशावर २ टक्के कर लावण्याचा प्रस्ताव मंजूर केला. सरकारने त्याला विरोध केला, हे चांगलं केलं.

वरच्या उत्पन्नावर कर लावला तर भांडवल पळेल, ही भीती सर्वांत जुनी. पण बहरीननेच जानेवारी २०२५ पासून ७५ कोटी युरोंहून अधिक उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय उद्योगसमूहांच्या नफ्यावर किमान १५ टक्के कर लागू केला. ओमानने तर ४२,००० रियालांवरच्या वार्षिक उत्पन्नावर २०२८ पासून ५ टक्के प्राप्तिकराचा कायदा केला. खालच्या उत्पन्नाला हातही लावलेला नाही. बहरीनने हाच धडा घ्यावा: व्हॅट ५ टक्क्यांवर परत आणावा आणि तूट वरच्या थरातल्या प्राप्तिकरातून भरून काढावी.

असा कर गरिबापर्यंत पोचतो का, याचा दाखला महाराष्ट्रात आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना राज्यभर उभी राहिली. तिच्यासाठी पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून निघालेले रुपये बांधबंदिस्तीवर, पाझर तलावांवर राबणाऱ्या बायाबापड्यांच्या मजुरीत गेले. मागेल त्याला काम हा हक्क १९७७ च्या कायद्याने दिला आणि पुढे देशव्यापी रोजगार हमीला त्याचाच आधार मिळाला.

मात्र या कराची शिडी अर्ध्यावर तुटलेली आहे. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमातली वार्षिक २,५०० रुपयांची कमाल मर्यादा १९८८ पासून हललेली नाही. त्यामुळे महिना पंधरा हजार मिळवणारा कारकून आणि कोटींत पगार घेणारा संचालक सारखाच कर भरतात. महाराष्ट्राच्या खासदारांनी ही मर्यादा बदलण्याची घटनादुरुस्ती संसदेत मागावी आणि वाढीव रक्कम रोजगार हमीच्याच मजुरीसाठी राखून ठेवावी.