साडेसहाशे रुपयांचा दगड

एप्रिलमध्ये पुण्याच्या एका मॉलमध्ये मी चक्क साडेसहाशे रुपये मोजून गुलाबी स्फटिक घेतला. डेस्कवर ठेवला की म्हणे पॉझिटिव्ह एनर्जी येते. (अप्रेझल तोंडावर होतं, हसू नका.) मे महिन्यात लग्नासाठी तेलगावला मामांकडे गेले, तेव्हा तो पर्समध्येच होता. मामांनी उजेडात धरून बघितला. "दाणा मोठा हाय. निवांत वाढलाय," एवढंच म्हणाले.

मामांची सगळी नोकरी तिथल्या सुंदरराव सोळंके साखर कारखान्यात, पॅनवर झाली. पॅन म्हणजे भलंमोठं बंद भांडं. आतली हवा खेचून घेतात, त्यामुळे पाक कमी तापमानाला उकळतो, करपत नाही. तो पुरेसा दाट झाला की त्यात साखरेची अगदी बारीक पूड सोडायची. मग पाकातली साखर त्या पुडीच्या कणांवर येऊन बसते, रेणूशेजारी रेणू, ठरलेल्या जागीच. स्फटिक म्हणजे दुसरं काय, सगळीकडून सारखी लागलेली रांग! पण घाईनं पाक जास्त आटवला, की नको असलेले नवे बारीक दाणे पडतात आणि मळीबरोबर जाळीतून निघून जातात. म्हणून मामा दर थोड्या वेळानं काचेवर थेंब पसरून दाणा बघायचे. मामींना वाटायचं, एवढं लक्ष घरात दिलं असतं तर...

असो. आपल्या काळ्या दगडातही हेच झालंय, फक्त मामांपेक्षा कितीतरी सावकाश. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून गरम पाणी झिरपलं. त्यात विरघळलेलं सिलिका, कॅल्शियम भिंतींवर साचत गेलं आणि झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट तयार झाले. आपल्या वाघोलीच्या खाणीतल्या निळ्याशार कॅव्हनसाइटसाठी तर जगभरचे संग्राहक जीव टाकतात. सिन्नरचं गारगोटी म्युझियम बघा, वीकेंडला सहज होतं.

मामा मला मागच्या वावरात घेऊन गेले. दोन वर्षांपूर्वी खोदलेली विहीर, पंचावन्न फूट, कोरडी. शेजारी दगडांचा ढीग. एक दगड फुटला होता आणि आत पांढऱ्या सुयांचा झुबका! जिऑलॉजीवाल्या मैत्रिणीला फोटो पाठवला. तिचा रिप्लाय आला, "झिओलाइट दिसतोय. पण पोकळ्या अशा भरल्या, की दगडात पाण्याला जागा कमीच उरते गं."

हे मामांना कसं सांगायचं? मी आपलं म्हटलं, "मामा, शहरात हे विकतात."

"केवढ्याला?"

"माझा साडेसहाशेला."

मामांनी ढिगाकडे बघितलं. "टँकर येतो का गं त्यात?"

अर्धा येतो. निघताना त्यांनी तो फुटका दगड वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या बॅगेत टाकला. आता डेस्कवर दोन आहेत. अप्रेझलचं विचारू नका.