भंगारातला ट्रान्सफॉर्मर चालतो, मग डीपी का पडून राहतो?



डीपी जळाला की साहेबांचे उत्तर ठरलेले: "तांत्रिक बाब आहे, वेळ लागेल." ही तांत्रिक बाब काय असते, ते तालुक्याला मोटारी भरणाऱ्या वाइंडिंगवाल्याच्या टपरीत जाऊन पाहा. भंगारातून किलोवर आणलेल्या जुन्या पत्र्या साफ करून तो वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर बनवतो. पत्र्या पातळ आणि सुट्या का? सलग लोखंडात वीज भोवऱ्यासारखी फिरते आणि गाभा तापतो. म्हणून पत्रीपत्रीत वार्निश.

हिशेब अडत्याच्या पट्टीपेक्षा सरळ आहे. 45 ला गाभ्याच्या छेदाच्या चौरस सेंटिमीटरने भागा, एका व्होल्टचे वेढे निघतात. गाभा 30 चा असेल तर दीड वेढा. म्हणजे 230 व्होल्टला 345 वेढे, वेल्डिंगच्या 50 व्होल्टला 75. पहिली तार बारीक, दुसरी जाड, मध्ये पक्के इन्सुलेशन. चाचणीला बल्ब सिरीजमध्ये लावायचा. भगभगून पेटला तर आत वेढे भिडले, परत खोला.

डीपीतही हेच. 11000 व्होल्ट आत, 433 बाहेर, सगळे तेलात बुडवलेले. (11000 च्या तारेजवळ मात्र हौसेने कुणी जाऊ नये. तिथे चूक दुरुस्त करायला माणूस उरत नाही.) आमचे म्हणणे एवढेच: जळालेला डीपी भरण्याचे काम तालुक्यात द्या, तिथेच चाचणीची सोय करा, नापास झाला तर परत पाठवा. कसब गावाकडे आहे, परवाना मात्र शहरात!

कोरडवाहूवाल्याला विजेचे काय, असे विचारणारेही आहेत. बोंडे भरताना विहिरीचे एक पाणी मिळाले नाही तर कपाशीचे काय होते, हे त्यांनी बांधावर येऊन पाहावे. ज्वारी दळायची गिरणी आणि नळाचे पाणीही विजेवरच.

2003 च्या वीज कायद्याच्या कलम 57 मध्ये सेवा चुकली तर ग्राहकाला भरपाई आहे. ग्रामीण भागात बिघडलेला ट्रान्सफॉर्मर 48 तासांत बदलावा, असे राज्याच्या वीज नियामक आयोगाने 2005 सालीच लिहून ठेवले. गावोगाव काय चालते? गाडीभाड्याची वर्गणी आमची, उतरवायला माणसे आमची, वर हात जोडायचे तेही आम्हीच. 2024 साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मोफत जाहीर केली. जळक्या डीपीतून मोफत वीज किती युनिट येते, तेही जाहीर करावे. आम्हाला भीक नको, वेळेवर वीज हवी.

बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन तारखा लिहून आणाव्यात: डीपी जळाला कधी, लेखी तक्रार दिली कधी, दुसरा बसला कधी. तक्रारीची पोच सोबत असू द्या. भरपाईचे अर्ज तिथेच भरू.