आधी गोधडी, मग स्पीकर

मंडळी, बरेच दिवस मनात साठलं होतं, आज लिहूनच टाकतो. नातेवाईकांपैकी काहीजण हे वाचणार, त्यांना राग येणार, हे गृहीत धरलेलं आहे. फोनवर भांडण्यापेक्षा लिहून भांडलेलं बरं, मध्येच कोणी तोडत नाही.

झालं असं. अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन झालं तेव्हा सगळ्या भावंडांनी मिळून चाळीस हजार जमवले आणि ठरवलं, की अण्णांना गाणं ऐकायला चांगली यंत्रणा घेऊन द्यायची. मला सोल्डरिंगचा जुना नाद, त्यामुळे तयार स्पीकर न घेता किट आणून घरीच बांधायचे, हेही ठरलं. इथपर्यंत एकमत होतं. मग "कुठलं किट?" हा प्रश्न आला आणि एकमत संपलं.

औंधचा दादा म्हणाला, मोठं घे. आठ इंची वूफर, पेटीला मागे पोर्ट, खाली पस्तीस हर्ट्‌झपर्यंत जाणारं. भाचा म्हणाला, "मामा, जोडीला सबवूफर पाहिजेच." मेहुण्यांचं मत, की अण्णांना ऐकू कमी येतं, म्हणजे आवाज मोठाच हवा. मी म्हटलं, आपल्याला सगळ्यात लहान किट हवंय, आणि ते घ्यायच्या आधी आजीच्या गोधड्या माळ्यावरून खाली काढायच्या आहेत. तेव्हापासून मी घरातला वेडा.

आता माझी बाजू.

सदाशिव पेठेतली आमची खोली ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: वाड्याचा पहिला मजला, अकरा फूट लांब, अकरा फूट रुंद, उंची साडेदहा. खाली शहाबादी फरशी, भिंतींना गुळगुळीत गिलावा. सामान म्हणजे एक लाकडी कपाट, दोन खुर्च्या आणि बरोब्बर मध्यभागी, तुळईच्या कड्यांना टांगलेला झोपाळा. झोपाळ्यावर अण्णा. ही जागा गेली पन्नास वर्षं बदललेली नाही आणि बदलणार नाही. कड्याही हलत नाहीत आणि अण्णाही.

ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने याहून वाईट खोली शोधून सापडायची नाही. कारण ही खोली नाही, हा घन आहे. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाजाची अर्धी लाट नेमकी बसली की तो सूर खोली स्वतःच घुमवू लागते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, अकरा फूट म्हणजे ३.३५ मीटर. हिशेब केला तर ५१ हर्ट्‌झ. लांबीला ५१, रुंदीला ५१, उंचीला ५४. साध्या लांबट खोलीत या खोडी वेगवेगळ्या सुरांवर विखुरतात, आमच्याकडे तिघी एकाच ठिकाणी येऊन बसल्यात. तिरपी, चार भिंतींत खेळणारी आणखी एक ७२ च्या आसपास आहे, पण ती थोडी सौम्य.

आणि खरी गंमत पुढे आहे. ही घुमणारी लाट भिंतीशी सगळ्यात जोरात असते आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ शून्य. म्हणजे झोपाळ्यावर अण्णांना तो खर्ज ऐकूच येत नाही, आणि भिंतीपलीकडच्या काकूंना मात्र फक्त तोच ऐकू येतो, कारण भिंत बारीक आवाज अडवते आणि खालचे आवाज सहज पलीकडे जाऊ देते. भाच्याने त्याचा जुना होम थिएटर संच दोन महिने इथे आणून ठेवला होता तेव्हा हेच झालं. अण्णा म्हणायचे, "जरा वाढव." काकू भिंतीवर थाप मारायच्या. दोघांचंही बरोबर होतं!

म्हणून दादाला माझा सरळ प्रश्न: पस्तीस हर्ट्‌झपर्यंत जाऊन आपल्याला आणायचं काय आहे? अण्णा ऐकतात ख्याल. काळी एकमध्ये लावलेला पुरुषी तानपुरा घे. त्याची जोडी १३९ हर्ट्‌झच्या आसपास आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ ला. त्याच्या खाली मैफलीत फारसं काही घडतच नाही. शिवाय तानपुऱ्याचा जीव मूळ सुरात कमी आणि जवारीतून उमटणाऱ्या वरच्या स्वरांत जास्त. यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये लिहून ठेवलंय. आणि वरचे स्वर नीट मिळाले की खालचा मूळ सूर आपला कान स्वतःच भरून घेतो. म्हणजे जो स्पीकर सत्तर-ऐंशी हर्ट्‌झच्या खाली हळूहळू माघार घेतो, तो आमच्या खोलीच्या सगळ्यात वाईट खोडीला जागंच करत नाही. झोपलेल्या कुत्र्याला दगड मारायला आठ इंची वूफर कशाला आणायचा?

यावर तयार उत्तर असतं, की आता डिजिटल करेक्शन मिळतं, माइक ठेवा, बटण दाबा, खोली सरळ. मला हे उत्तर मोडीत काढायचं नाही, त्यात तथ्य आहे. वर आलेलं शिखर ते कापू शकतं. पण जिथे लाटच नाहीशी होते तो खड्डा ते भरू शकत नाही. तिथे जितका जोर लावाल तितका काकूंकडे जातो. आणि खोलीत आवाज किती वेळ रेंगाळतो, हे तर कुठल्याही बटणाने कमी होत नाही.

हे रेंगाळणं हाच माझा मुख्य मुद्दा आहे, कारण अण्णांची तक्रार "आवाज लहान येतो" अशी कधीच नव्हती. ते म्हणतात, "गलका ऐकू येतो, शब्द कळत नाहीत." वय झालं की आधी वरचे सूर जातात, म्हणजे स, श, त, क यांच्या कडा जातात. त्यात अशी टणक खोली, जिथे मागच्या शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. आवाज मोठा केला तर शेपटीही तितकीच मोठी होते. मेहुण्यांचा उपाय त्यामुळे मुळातच उलटा आहे.

हे शास्त्र काही माझ्या पदरचं नाही. १८९५ मध्ये हार्वर्डमध्ये एक नवं व्याख्यानगृह बांधलं होतं आणि त्यात वक्त्याचं बोलणं कोणालाच कळेना. वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला ते निस्तरायला सांगितलं. त्याने काय करावं? शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, खोलीत मांडायच्या, घड्याळ लावून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत! त्यातून जे सूत्र निघालं ते आजही वापरतात. आवाज शोषून घेण्याचं त्याचं एकक होतं, उघडी खिडकी. गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून.

ते सूत्र मी आमच्या खोलीला लावलं. सुमारे छत्तीस घनमीटर जागा, पासष्ट चौरस मीटर टणक पृष्ठभाग. उत्तर आलं दीड ते पावणेदोन सेकंद. गाण्याबोलण्याच्या एवढ्याशा खोलीला अर्धा सेकंद पुष्कळ. म्हणजे आणखी सात-आठ चौरस मीटर उघडी खिडकी हवी. खिडकी तर एकच, आणि ती उघडली की गल्लीतल्या दुचाक्या आत येतात. मग गोधड्या आठवल्या. आजीने जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या दोन, पाच बाय सातच्या. कोनाड्यांच्या समोरच्या भिंतीवर लाकडी पट्टी मारून, भिंतीपासून चार इंच सोडून टांगल्या. मागे हवा राहिली की थोडे खालचे सूरही शोषले जातात. फरशीवर जाड सतरंजी, एका बाजूला गादी, उघडं पुस्तकांचं कपाट. कागदावर वेळ आला साधारण साठ शतांश सेकंदावर. खर्च जवळजवळ शून्य, कपाटाच्या हमालीपुरता. त्या संध्याकाळी, अजून एकही स्पीकर नसताना, मी दारातून काहीतरी पुटपुटलो आणि अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले, "पुटपुटू नकोस, कळतंय मला."

आता किट. आमच्या भिंतीत दोन कोनाडे आहेत, एकमेकांपासून सहा फुटांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला. झोपाळ्यापासून साडेपाच फूट. पणती ठेवणाऱ्या पूर्वजांना स्टिरिओ कळत होता असं माझं म्हणणं नाही, पण जागा इतकी नेमकी मिळाल्यावर दुसरीकडे बघायचं कशाला? आणि बीबीसीने १९७०च्या दशकात बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी एलएस ३/५ए नावाचा जो चिमुकला स्पीकर केला, तो साधारण बारा इंच उंच, साडेसात रुंद, सहा-सव्वासहा खोल. पेटी पूर्ण बंद, आतली जागा पाचेक लिटर. गाडीत दाटीवाटीने बसून माणसाचा आवाज नीट जोखता यावा, एवढंच त्याचं काम. अडचणीच्या जागेसाठी मुद्दाम केलेली वस्तू! त्या धर्तीचं एक साधं किट, पाच इंची वूफर आणि एक इंची ट्वीटर, मी निवडलं. मागे पोर्ट असलेली पेटी कोनाड्यात गुदमरते, बंद पेटीला काही फरक पडत नाही.

इथे घरी बांधणाऱ्या माझ्या भाऊबंदांशीही माझं भांडण आहे. ते सांगत फिरतात, की स्वतः बांधलं की पैसे वाचतात. साफ खोटं. परदेशी ड्रायव्हर, जकात, कुरिअर, भवानी पेठेच्या टिंबर मार्केटातून आणलेलं अठरा मिलिमीटरचं प्लाय, सुताराची मजुरी, तपकीर गल्लीच्या चार खेपा... तयार स्पीकरपेक्षा फार स्वस्त पडत नाही. बांधायचं ते एकाच कारणासाठी: नंतर बदलता येतं म्हणून.

उदाहरण देतो. पेटी खोलीत मोकळी उभी असेल तर खालचे सूर तिच्या मागेही पळतात, समोर कमी येतात. म्हणून रचना करणारा क्रॉसओव्हरमध्ये वरचा भाग थोडा दाबून तोल साधतो. आमच्या पेटीच्या रुंदीला हा बदल सहाशे हर्ट्‌झच्या आसपास होतो, म्हणजे गायकाच्या आवाजातच. तीच पेटी भिंतीत सपाट बसवली, की मागे पळायला वाटच उरत नाही आणि तो दाब उलटा अंगावर येतो. पहिल्या दिवशी गायक रांजणात बसून गातोय असं वाटत होतं. मग वूफरच्या वाटेतलं कॉइल लहान केलं, ट्वीटरच्या वाटेतला रेझिस्टर बदलला, पेटीभोवतीची फट जुन्या लोकरीने बुजवली. तीन रविवार गेले. गायक रांजणाबाहेर आला. तयार स्पीकरच्या पोटात हात घालून हे करायला किती जणांचं धैर्य झालं असतं?

दादाचा शेवटचा आक्षेप सगळ्यात टोचणारा होता. "वाडा पाडायला निघालाय, बिल्डरचे कागद झालेत. वर्षभरात ही खोलीच नसेल. कोनाड्यासाठी स्पीकर कसले बांधतोस?" आणि जे तो बोलला नाही तेही मला ऐकू आलं. अण्णांचं वय.

उत्तर देतो. नव्या फ्लॅटला कोनाडा नसेल हे मलाही माहीत आहे. तेव्हा जुनं कॉइल परत लावीन, डबीत जपून ठेवलंय. गोधड्याही नेईन. आणि राहिलेल्या दिवसांचा हिशेब करून जर वस्तू घ्यायच्या असतील, तर मोठा संच घ्यायलाही तेच कारण लागू पडतं. उलट दिवस थोडे असतील तर ते कळेल असं ऐकण्यात जावेत, गलक्यात नकोत. रेणुका स्वरूपच्या पटांगणावर सवाई व्हायचा तेव्हा अण्णा भारतीय बैठकीत रात्र रात्र बसलेले आहेत. त्यांना दणका नकोय. दणका हवा असेल तर अनंत चतुर्दशीला खिडकी उघडी ठेवली की पुरतो, तावदानंसुद्धा साथ करतात.

एक कबुली देऊन टाकतो. स्पीकर म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. चाळीस हजारांपैकी निम्म्याहून थोडे जास्त खर्च झाले, उरलेले मी अण्णांच्या कानांच्या तपासणीसाठी बाजूला ठेवलेत. अण्णा "मला काही झालेलं नाही" म्हणतात. तिथे मला तुमची सगळ्यांची मदत लागणार आहे, तेव्हा फार रागावू नका.

परवा रात्री पाऊण तास गाणं लागलं होतं. अण्णा डोळे मिटून झोपाळ्यावर, पाय फरशीला टेकलेले. संपल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"मागचा तानपुरा थोडा उतरलाय," म्हणाले.

सकाळी काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "काय हो, गाणं बंद केलंत वाटतं हल्ली?"