पाचवीच्या वर्गातले ‘मले’

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. २०२४ साली याच सुमारास आमची मुलगी पवनारच्या जिल्हा परिषद शाळेतून चौथी उत्तीर्ण होऊन वर्ध्याच्या एका शाळेत पाचवीला दाखल झाली. पहिल्याच आठवड्यात तिने वर्गात हात वर केला आणि ‘सर, मले नाही समजलं’ असे म्हणाली. वर्ग हसला. सरही हसले, आणि त्यांनी तिच्याकडून ‘मला’ असे दोनदा म्हणवून घेतले. आम्हांला हे महिनाभराने कळले, तेही घटक चाचणीत गणिताला वीसपैकी चार गुण पडल्यावर. तोवर आम्ही रोज विचारीत होतो आणि ती रोज सांगत होती, ‘सगळं समजते.’

नव्या शाळेत मूल रुळावे म्हणून पालकांना जे सल्ले दिले जातात ते सर्व आम्ही पाळले होते. वेळापत्रक भिंतीवर चिकटवले, दप्तर रात्रीच भरून ठेवायची सवय लावली, बसमध्ये गावातल्या दोन मुलींची सोबत जोडून दिली. या गोष्टी निरुपयोगी आहेत असे नाही. पण चौथीपर्यंत एकच बाई सगळे विषय शिकवीत आणि आता तासागणिक वेगळे शिक्षक येतात, एवढाच बदल त्यांत गृहीत धरलेला असतो. भाषा बदलते, हे कोणी सांगत नाही.

ती किती बदलते ते चाचणीच्या उत्तरपत्रिकेत दिसले. भाज्य, भाजक, भागाकार, बाकी हे चार शब्द मुलीला चौथीतच पक्के येत होते. सेमी इंग्रजीच्या वर्गात त्यांचे डिव्हिडंड, डिव्हायझर, कोशंट, रिमेंडर झाले. रीत तीच, पण प्रश्न काय विचारला आहे हेच तिला उमगले नव्हते. त्यातच हिंदी हा नवा विषय आला. आणि या सगळ्याविषयी शंका विचारायची तर ती ज्या भाषेत विचारावी ती घरची वऱ्हाडी हास्यास्पद ठरलेली. सेमी इंग्रजीची निवड आमचीच होती, हेही सांगितले पाहिजे. मराठी घेऊन एम. ए. झालेली, मराठीवर पोट भरणारी आम्ही दोघे. फॉर्मवर त्या चौकटीत खूण करताना आमचा हात अडखळला नाही.

चौथी आणि पाचवी यांच्यामध्ये ही रेघ का, याला शैक्षणिक कारण सापडत नाही. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवी प्राथमिक ठरवली, २०२०च्या राष्ट्रीय धोरणानेही मधला टप्पा सहावीपासून मानला; तरी महाराष्ट्रातल्या अनेक गावांत जिल्हा परिषदेची शाळा चौथीलाच संपते आणि दहा वर्षांचे पोर एस. टी.च्या थांब्यावर उभे राहते. आमच्या परिसराला तर हे विशेष लागावे. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीने सात ते चौदा वयापर्यंतचे सलग सात वर्षांचे शिक्षण सुचवले, तेही मातृभाषेतून. पुढे सेवाग्रामला नई तालीमचे काम उभे राहिले. हस्तोद्योगाभोवती सगळे विषय गुंफता येतील हा त्या योजनेचा विश्वास आम्हांला थोडा भाबडा वाटत आला आहे, आणि तिच्यावर त्या काळीही टीका झालीच. परंतु दहाव्या वर्षी मुलाची शाळा, शिक्षक आणि भाषा एकदम काढून घेऊ नये, एवढे शहाणपण तीत निश्चित होते.

आता आमच्या स्वतःच्या व्यवसायाकडे वळतो. उद्धव शेळके यांची १९६० सालची ‘धग’ आम्ही वर्गात शिकवतो. कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी किती अस्सल, तिच्यातून दारिद्र्याचा दाह कसा पोचतो, यावर विद्यार्थी प्रश्नपत्रिकेत पानेच्या पाने लिहितात आणि आम्ही त्यांना गुण देतो. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडे समारंभ झाला. भाषणांतून ‘लीळाचरित्रा’चे नाव निघाले, मराठीचे आद्य गद्य वऱ्हाडात ऋद्धिपूरला लिहिले गेले याचा अभिमान व्यक्त झाला. त्याच आठवड्यात घरी मुलीने आजीला टोकले, ‘मले नाही, मला म्हण.’ आजी ‘बरं बाई’ म्हणाली आणि जेवणभर गप्प राहिली. पुढे पालकसभेची चिठ्ठी आली तेव्हा आजीला सोबत आणू नका, असे मुलीने आम्हांला बजावले.

टोकण्याची ही सवय तिला शाळेनेच लावली असे म्हणणे सोयीचे आहे. वस्तुतः चाचणीनंतर पहिले काही दिवस आम्हीच तिचे बोलणे दुरुस्त करीत होतो. वर्गात पुन्हा हसे होऊ नये, हा हेतू. त्याचा परिणाम असा की ती घरीही बोलेनाशी झाली. मग आम्ही ते सोडले. वहीच्या पानावर रेघ मारून एका बाजूला भाजक आणि दुसऱ्या बाजूला डिव्हायझर, असे शब्द तिच्याकडूनच लिहवून घेतले. आजीला पावकी, निमकी, पाऊणकी अजून मुखोद्गत आहे. अपूर्णांक तिच्या हाती सोपवले. शिकवणी अर्थातच वऱ्हाडीत चाले. ‘पोट्टे, बाकी काऊन उरली?’ असे आजी विचारी आणि मुलगी त्याच बोलीत वाद घाली. दिवाळीपर्यंत गणित सावरले. आजीवरचा राग जायला मात्र वर्ष लागले.

शाळेत जाऊन आम्ही एकच विनंती केली होती: पाचवीच्या पहिल्या सत्रात मूल उत्तर देत असताना किंवा शंका विचारत असताना त्याचे बोलणे दुरुस्त करू नये, लेखनात हवे तेवढे करावे. प्रमाण भाषा मुलांना आली पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण शंका विचारण्याची हिंमत आधी टिकली पाहिजे आणि ती घरच्याच भाषेत टिकते. आमचे म्हणणे सौजन्याने ऐकून घेतले गेले. ‘तुम्ही मराठीचे प्राध्यापक असून असे म्हणता?’ असा प्रश्नही आला. तो प्रश्न आम्हांला अगदीच अप्रस्तुत वाटला नाही.

या वर्षी ‘धग’ सुरू करण्यापूर्वी आम्ही एम. ए.च्या वर्गात विचारले, गावातून शहरातल्या शाळेत आल्यावर बोलण्यावरून कोणाकोणाला हसले गेले? बरेच हात वर आले. मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी तास संपल्यावर थांबला. त्या दिवसापासून आपण वर्गात कधी शंका विचारली नाही, असे त्याने सांगितले. आमच्या तासाला तो दोन वर्षे बसतो आहे.